काळं अस्तर
शिंप्याच्या दुकानात काळ्या अस्तरावरून गरम इस्त्री फिरली आणि त्या वासासरशी मला आमची हडपसरची शाळा आठवली. भर उन्हाळ्यातही मुलींनी कुडत्यावर जाड जाकीट घालायचंच, असा नियम त्या वर्षी आला होता. मुलांना काही नाही. निषेध म्हणून सगळ्या मुलींनी दंडाला काळी फीत लावायची, असं ठरलं. माझ्या मैत्रिणीनेच तिच्या आईच्या शिवणकामातलं अस्तर कापून फिती केल्या आणि सेफ्टी पिनांसकट वाटल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात फीत होती फक्त माझ्या दंडावर. "वा! मोर्चा एकटीचाच वाटतं?" मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. मी मैत्रिणीकडे पाहिलं, तर तिने पुस्तकाचं पान उलटलं. शाळा सुटेपर्यंत मी व्हरांड्यात उभी होते. जाकिटाच्या आत घाम ओघळत होता आणि वर्गातून हसण्याचे आवाज येत होते. बसस्टॉपवर ती जवळ आली तेव्हा वाटलं, आता तरी काही बोलेल. "पिन देतेस?" ती म्हणाली, "आई शोधत असेल." मी पिन काढून दिली आणि सुटलेली फीत मुठीत धरून बसमध्ये चढले. "ताई, अस्तर काळंच लावू ना?" शिंपी विचारत होता. "काळंच लावा," मी म्हटलं, जरा जास्तच जोरात.