म्हाताऱ्यानं सांगितलेलं नाव

माझा स्वभावच वाईट. घाबरले की आधी कुणावर तरी खेकसते. त्या दिवशी म्हाताऱ्यावर खेकसले.

किनवटकडच्या जंगलातल्या आश्रमशाळेत मी मुलींची अधीक्षिका. माहेर मुरुडचं. सातवीतल्या एका कोलाम मुलीला कावीळ झाली. मी दवाखान्यातून गोळ्या आणल्या, पण तिचा म्हातारा आजा त्या भागातला काविळीचा जाणता. तो येऊन स्वतःच्या हातानं मुळी देऊन गेला. त्यांची रीत अशी : आदल्या सांजेला झाडापुढं तांदूळ ठेवून झाडाला सांगून यायचं, सकाळी कुणाशी न बोलता मुळी खणायची, आणि तिचं नाव कुणाला म्हणून सांगायचं नाही. सांगितलं की हाताचा गुण जातो. जाताना मला म्हणाला, "बाई, तीन दिस मीठ बंद. मंग द्या."

तीन दिवसांनी डोळे पिवळेच. आमच्या घरी कावीळ म्हणजे डोळे पांढरे होईस्तोवर अळणी. मी तेच चालू ठेवलं, एकूण बारा दिवस. अळणी पेज आणि वर तांबेच्या तांबे पाणी. "मॅडम, चिमूटभर तरी द्या की," पोर काकुळतीला यायची. "गप खा! बरं व्हायचंय का न्हाई?" मी दरडावायची. आपण किती काळजी घेतो, असंही मनात यायचं.

तेराव्या दिवशी सकाळी ती मला ओळखेना. ओकली, बरळायला लागली. शाळेच्या जीपमध्ये घालून तालुक्याला नेली. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि विचारलं, "झाडपाल्याचं काही दिलंय?" मी हो म्हटलं. "कशाचं? विषारी असेल तर कळायला पाहिजे. नाव घेऊन या."

म्हाताऱ्याच्या वस्तीवर जाताना रस्ताभर नको नको ते मनात येत होतं. पोरीचं काही झालं तर तिच्या आईला काय तोंड दाखवू?

म्हातारा अंगणात बांबूची टोपली विणत बसला होता. जीपमधून उतरल्या उतरल्या मी ओरडले, "काय खाऊ घातलंत पोरीला? नाव सांगा!"

"नाव घेतलं तर माझ्या हातात काय ऱ्हात न्हाई, बाई."

"आणि पोरच राहिली न्हाई म्हणजे?"

तो उठला. रानात जाऊन मुळीसकट झाड घेऊन आला आणि जीपमध्ये बसला. दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावर ते ठेवलं आणि सगळ्यांदेखत त्याचं नाव घेतलं.

डॉक्टरांनी कुणाला तरी फोटो पाठवून खात्री करून घेतली. मुळी विषारी नव्हती. तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला. "अंगातलं मीठ पार उतरलंय. किती दिवस अळणी दिलंत हिला?"

"बारा," मी म्हणाले. म्हातारा शेजारीच उभा होता. 'मी तीन सांगितले होते' असं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं.

पोर वाचली. आता खो-खो खेळते, मला उलट उत्तरंही देते.

गेल्या महिन्यात धीर करून म्हाताऱ्याची माफी मागायला गेले. मी तोंड उघडणार, तोच लांबच्या वस्तीवरची एक बाई पिवळ्या डोळ्यांचं लेकरू कडेवर घेऊन आली. त्यानं हात जोडले. "माझ्याकडं न्हाई आता. दवाखान्यात ने."

"आजोबा, मुळी चांगली हाय, डॉक्टरच म्हणाले. द्या की," मी म्हटलं.

"मुळी चांगलीच हाय. हात गेला, बाई."

मी त्या बाईला जीपमध्ये घेतलं. ती पहाटेपासून चालत आली होती. दवाखाना येईस्तोवर ती एकच विचारत राहिली, "म्हाताऱ्यानं का दिली न्हाई, बाई? आमचं काय चुकलं?"

मी सांगितलं नाही.