पाठीवरचं वाण

लग्नाला आठ महिने झाले होते आणि मी अठरा वर्षांची होते, अकलेनं बारा. सातवी पास सून म्हणून घरात माझा थोडा तोरा होता. दीड कोसावरच्या गावी शाळेत मास्तरणीची जागा निघाली, आणि ती मला हवीच होती. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, एवढंच विचारलं की रोज दीड कोस जाणं नि दीड कोस येणं जमेल का. गुमान हो म्हणायचं, तर मी म्हणाले, आपल्या आर्वीहून वीसेक कोसांवरच्या केळझरपर्यंत चालत जाईन, तेही सामान पाठीवर घेऊन.

मामाजींनी शब्द पकडला. माघातल्या चतुर्थीला ते केळझरच्या गणपतीला जाणारच होते. तोवर मी पायी पोचायचं, गाडीत बसायचं नाही, आपलं ओझं दुसऱ्याला द्यायचं नाही. जमलं तर शाळा, नाही तर चूल. साक्षीला त्यांची विधवा बहीण, आमच्या आत्याबाई. नवऱ्यानं दोन्हीकडे बघून मान हलवली.

पाठीचं खूळ भूगोलाच्या पुस्तकातलं. त्यात बोर्निओ बेटाचं चित्र होतं: दाट रान आणि पाठीला पिशवी बांधून बेट ओलांडणारा माणूस. आमच्याकडच्या बाया ओझं डोक्यावर घेऊन झपाझप जातात, पण मला बेट ओलांडायचं होतं ना! जुन्या सतरंजीची पिशवी शिवली, पट्टे लावले. आत दोन लुगडी, आरसा, कंदील, शाईची दौत आणि तो भूगोल. आत्याबाईंच्या डोक्यावर लहानसं गाठोडं.

पहिल्याच गावात विहिरीवरच्या बाया हसल्या. एकीनं विचारलं, "लेकरू निजलं काय वो पाठीवर?" आत्याबाईंनी शांतपणे सांगितलं की लेकरू नाही, नवी सून आहे, पहिलीच संक्रांत आहे.

थंडीत चालणं बरं, म्हणून चतुर्थी मी हसत कबूल केली होती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू असतं, हे त्या बेट ओलांडणारीच्या ध्यानात नव्हतं. नव्या सुनेला दारावरून तसंच कोण जाऊ देतं? बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली: गहू, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडकी. वर वाण म्हणून फणी. ओटीला नको म्हणता येत नाही आणि ती वाटेत टाकताही येत नाही. पुढच्या गावात पुन्हा तेच. गाव आलं की आत्याबाई माझ्यापुढे दहा पावलं का असायच्या, हे मला फार उशिरा कळलं.

आंजीच्या अलीकडे मला उठताना झाड धरावं लागत होतं. खांद्यांवर वळ उठले होते. आर्वीला कापूस टाकून परतणारी एक रिकामी बंडी थांबली. मी आत्याबाईंकडे पाहिलं.

"बस ना," त्या म्हणाल्या. "चुलीपाशी ऊब बी राह्यते."

बसले नाही.

आंजीत ज्यांच्याकडे उतरलो तिथं मी पिशवी ओतली. ओटी टाकता येत नव्हती, माझं ते टाकता येत होतं. कंदील आणि लुगडी घरधनिणीला दिली, आरसा नि दौत तिच्या लेकीला. भूगोलही त्याच पोरीला दिला, जरा रडत.

केळझर दिसू लागलं तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. ओझं आपलं असायचं होतं, आणि पिशवीत माझा एक दोराही उरला नव्हता.

मामाजी देवळाच्या पायरीशी बसले होते. त्यांनी पिशवी उघडली. गहू, बोरं, सहा फण्या. "सूनबाई, तुहं सामान कुठं हाय?"

आत्याबाई गाठोडं उतरवत म्हणाल्या, "भाऊ, ओटीत पडलं ते तिचंच. मी हात नाई लावला, बंडीतबी बसली नाई."

मामाजींनी एका हातानं पिशवी उचलून पाहिली. हलली नाही. मग दोन्ही हात लावले आणि जेमतेम पायरीवर ठेवली.

"शाळेत जातानी एवढं नेत जाऊ नको," म्हणाले.

पहिल्या दिवशी मी शाळेत फक्त त्या सहा फण्या नेल्या, पोरींचे केस विंचरायला. फण्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं होतं.