भाजीत काय उरतं हे मोजणारी अक्का

दवाखान्यातून यांचा फोन आला तेव्हा मी विद्यानगरच्या आमच्या घरात शेवग्याचा पाला निवडत बसले होते. "अक्का गेली," एवढंच हे म्हणाले. मी हातातली काडी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि सगळा पाला निवडून पुरा केला. का, ते मला आजही सांगता येणार नाही. नलूअक्का म्हणजे माझी मोठी नणंद. धारवाडच्या एका महाविद्यालयात तिने अन्नशास्त्र शिकवलं आणि फळं, पालेभाज्या उकडल्या, वाळवल्या, भाजल्या की त्यांच्यातलं चांगलं किती उरतं, यावर उभा जन्म संशोधन केलं. ती गेल्यावर घर माणसांनी भरून गेलं. त्यातच एका दूरच्या नातेवाइकांनी चहाचा कप खाली ठेवत म्हटलं, "जन्मभर कर्करोग होऊ नये म्हणून आवळ्या-बिवळ्यावर काम केलं आणि शेवटी तिलाच व्हावा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." उचलली जीभ लावली टाळ्याला! सुतकाच्या घरात भांडण नको म्हणून मी गप्प बसले. पण तेच वाक्य नंतर आणखी दोघातिघांनी ऐकवलं, आणि ते काही माझ्या मनातून जाईना. अक्काने असा दावा कधी केलाच नव्हता. तो करू नये म्हणून तिने काय काय सोसलं ते मी जवळून पाहिलं आहे, आणि कोणीतरी ते सांगायला हवं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा अक्का कॉलेजात नुकतीच कायम झाली होती. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती "वेळ कुठं मिळाला?" म्हणायची आणि समोरच्याला खरंच वाटायचं. आमच्याकडे भाजी दोन वाटण्यांत चिरली जायची, एक पोटासाठी आणि एक प्रयोगशाळेसाठी, आणि प्रयोगशाळेची वाटणी नेहमी ताजी असायची. नव्या सुनेने मोठ्या हौसेने टोमॅटोचं सार करावं आणि नणंदेने पळीऐवजी थर्मामीटर घेऊन चुलीपाशी यावं, हे मला पहिले काही महिने भारी अपमानाचं वाटे. एकदा मी चिडून म्हटलं, "अक्का, ताप आलाय का साराला?" त्यावर ती इतकी हसली की थर्मामीटर हातातून सुटला. "अगं सुधा, टोमॅटोचा लाल रंग शिजल्यावर अंगाला जास्त लागू होतो, आणि आवळ्यातलं जीवनसत्त्व उकळलं की उडून जातं. एकाला जे तारतं ते दुसऱ्याला मारतं. म्हणून बघायलीय." त्या दिवसापासून आमचं जमलं ते जमलंच.

अँटिऑक्सिडंट हा शब्द आता तेलाच्या पिशवीवरही दिसतो. तेव्हा मला तो उच्चारताही येत नव्हता. अक्काने तो मला भाजी चिरता चिरता समजावला. घरात भांडण पेटलं की मध्ये पडून स्वतः दोन रट्टे खाणारं आणि बाकीच्यांना वाचवणारं एखादं माणूस असतं ना, तसे हे पदार्थ. कापलेलं वांगं काळं पडतं, तेल खवट होतं, तिथे हे मध्ये पडतात. एकदा ती मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. काचेच्या नळीत गर्द जांभळा द्राव होता. तिने त्यात आवळ्याचा अर्क घातला आणि बघता बघता तो जांभळा रंग फिका पडत पिवळट झाला. मला देवळात चमत्कार बघावा तसं झालं. मी म्हटलं, "म्हणजे आवळा खाल्ला की आपल्या आतही असंच होणार!" अक्काने नळी स्टँडमध्ये नीट उभी केली. "हे नळीतलं झालं," ती म्हणाली. "आतलं मला ठाऊक नाही. ते ज्यांचं काम त्यांनी शोधावं." माझा हिरमोड झाला होता. पुढे कळलं की तिच्या सगळ्या कामाचा कणा त्या दोन वाक्यांत होता.

तिचं सगळ्यात आवडतं काम अळणावर या जंगलाकाठच्या गावातलं. तिथल्या बायकांच्या एका बचत गटाला ती शेवग्याचा पाला वाळवायला शिकवत होती. सुट्टीच्या दिवशी सकाळची गाडी पकडून जायची आणि संध्याकाळी अंगाला हिरवट वास घेऊन परत यायची. पाला उन्हात टाकला की लवकर वाळतो पण त्यातलं बरंच जातं. आधी क्षणभर वाफवून सावलीत पातळ पसरला की रंगही राहतो आणि गुणही. गटाची पुढारी गंगव्वा. आवाज असा की स्टेशनवर हाक मारली तर जंगलात ऐकू जावी. सुरुवातीला तिला सावलीत वाळवणं म्हणजे निव्वळ आळस वाटे. "ऊन फुकट आहे ना री?" असं ती अक्काशी हुज्जत घालायची. पण एकदा पटल्यावर तिने साऱ्या बायकांना कामाला लावलं. पुडी, म्हणजे पाल्याची पूड, उत्तम व्हायला लागली. मग केशवापूरचे एक व्यापारी आमच्या घरी आले. गटाचा सगळा माल उचलायला ते तयार होते. फक्त पाकिटावर अक्काचा फोटो आणि "कर्करोगावर गुणकारी" एवढे शब्द त्यांना हवे होते.

"असं मी कुठं म्हटलंय?" अक्काने विचारलं.

"म्हटलं नाही, पण तुमचे संशोधनाचे कागद तेच सांगायलेत की."

"माझे कागद पाल्याबद्दल सांगतात. माणसाबद्दल काही सांगत नाहीत."

व्यापारी गोड बोलून गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. गंगव्वा मात्र पुढच्याच गाडीने आली. इतक्या बायकांनी आस लावली होती, घरच्यांशी भांडून त्या कामाला येत होत्या. तिने उंबऱ्यातूनच विचारलं, "खरे हेळिद्र होट्टी तुंबतैतेन्री?" खरं बोलून पोट भरतं का हो, बाई? अक्काने तिला आत बोलावलं, पाणी दिलं. गंगव्वा पाणी न पिताच गेली आणि कितीतरी दिवस तिने अबोला धरला. त्या काळात अक्का जेवताना मध्येच थांबायची... तिला किती लागलं होतं ते मला दिसत होतं. पण शब्द काही तिने बदलला नाही. अळणावरला जाणंही थांबवलं नाही. गंगव्वा पाठ फिरवून बसायची आणि ही तिच्या पाठीला सांगायची की पाला अजून ओलसर आहे. शेवटी साध्या पाकिटांवर "शेवग्याच्या पाल्याची पूड" एवढंच छापून ती पुडी धारवाडच्या दुकानांतून विकली जाऊ लागली. विक्री हळू होती, पण चालू राहिली.

आणि मग अक्कालाच तो आजार झाला. आता खरी कसोटी होती. जो येई तो बाटली घेऊन येई: आवळ्याचा रस, गव्हांकुरांचा रस, कसलासा काढा. फ्रीजमध्ये दूध ठेवायला जागा उरली नाही. अक्का प्रत्येकाचे आभार मानायची आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचाभरही घ्यायची नाही. डॉक्टरांनी साधं घरचं जेवण घ्या, असले अर्क औषधाच्या मध्ये नकोत असं सांगितलं, आणि तिने ते पाळलं. माझा मात्र धीर सुटला होता. एका दुपारी मी तिच्या पलंगापाशी आवळ्याच्या रसाची वाटी घेऊन बसले आणि अक्षरशः हात जोडले. "अक्का, एवढा जन्म यात घातलास. थोडं घे की गं. काय बिघडतं?"

तिने वाटी हलकेच बाजूला सारली. मग म्हणाली, "घेतलं आणि बरी झाले, तर लोक म्हणतील यानेच बरी झाली. घेतलं आणि मेले, तर म्हणतील त्यात काही राम नाही. दोन्ही खोटं होईल की गं, सुधा." पुढे म्हणाली, "भीती मलाही वाटायलीय. पण भीती वाटली म्हणून मी शिकवलेलं बदलायचं काय?" मी वाटी उचलून आत गेले. इतका राग आणि इतका अभिमान एकाच माणसाबद्दल एकाच वेळी मला कधीच वाटला नव्हता.

गंगव्वाही भेटायला आली होती. अबोला केव्हाच सुटला होता, पण येताना तिने पदराखाली पुडी आणली होती आणि ती काढावी की नाही या विचारात ती अवघडून बसली होती. अक्कानेच ओळखलं. "आण इकडे. आमटीत चिमूटभर घालू. औषध म्हणून नको, भूक लागलीय मला." डॉक्टरांची आमटीला ना नव्हती. त्या दिवशी अक्का खरंच वाटीभर आमटी-भात जेवली. गंगव्वा खाली मान घालून डोळे पुसत होती.

परवा अक्काचा पाला तोलायचा वजनकाटा गटाला द्यायला मी अळणावरला गेले. तिची तशी इच्छा होती. गटाची ती खोली मी कधी पाहिली नव्हती. जाळीच्या चौकटींवर पाला पसरलेला, खिडक्यांना जाड काळे पडदे, आणि तयार पाकिटं दार लावलेल्या लाकडी कपाटात, कारण उजेडाने पूड फिकी होते. खोलीत पाय ठेवला आणि अक्का आत्ता इथून उठून गेली असं वाटलं... मी काटा ठेवत होते तेवढ्यात एक गृहस्थ मोटारीतून उतरले. घरात कोणी आजारी असावं, चेहरा ओढलेला होता. त्यांनी गंगव्वाला कन्नडमध्ये विचारलं, "इथल्या पुडीने कर्करोग बरा होतो म्हणतात. एक मोठ्या बाई संशोधन करत होत्या ना इथे?" मी गंगव्वाकडे पाहिलं. त्या माणसाला "हो" ऐकायचं होतं, आणि आता तिला अडवायला कोणी नव्हतं.

"इल्लरी," गंगव्वा म्हणाली. "अक्कार हंग हेळिल्ल." नाही हो, अक्का असं म्हणाल्या नाहीत.

"मग हे कशासाठी?"

"ऊटक्करी." जेवायला.

ते गृहस्थ घुटमळले आणि काही न घेताच गाडीत जाऊन बसले. गंगव्वाने हातातलं पाकीट कपाटात ठेवून दार लावलं, खिडकीचा सरकलेला पडदा ओढून घेतला. दवाखान्यात आणि घरी माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तिथे त्या अंधाऱ्या खोलीत, पाल्याच्या वासात बसून मी पोटभर रडले, आणि गंगव्वाने मला रडू दिलं.