बाईंची विहिरीतली उजळणी

बाई कुणाचंही शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या, मान हलवत, आणि मग स्वतःच्याच मनासारखं करायच्या. विदर्भातल्या दारव्ह्याच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या. निवृत्तीनंतर मैत्रिणींबरोबर मालवणला गेल्या, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरल्या आणि परत आल्या त्या खूळ घेऊनच. रीतसर शिकून त्यांनी आम्हा हौशी मंडळींचा स्कूबा क्लब काढला. दारव्ह्यात स्कूबा! लोक पोट धरून हसले. बाईंनी त्यांचंही ऐकून घेतलं.

क्लबचा नियम एकच. दरवर्षी मालवणच्या सहलीआधी, क्लबातल्याच भाऊसाहेबांच्या शेतातल्या विहिरीत टाकी लावून उजळणी. ती चुकली तर समुद्र बंद. ही उजळणी यायची नेमकी कापसाच्या वेचणीत.

"बाई, मजूर मोठ्या मुश्किलीनं भेटले," मी एकदा रडगाणं गायलं.

"भेटले न? मंग ते वेचतीन. तुम्ही या."

बाईंचा हट्ट उगाच नव्हता. आम्ही सगळे विहिरीत पोहायला शिकलेलो. श्वास कोंडून तळाचं खापर वर काढणं ही आमची मर्दुमकी. टाकी लावल्यावर हीच सवय जीव घेते. वर येताना छातीत कोंडलेली हवा फुगते आणि फुफ्फुस फाटतं. "लहानपणची खोड हाय," बाई म्हणायच्या, "वर्षातून एकदा झाडाच लागते."

भाऊसाहेब एकदा भडकले. "माह्या विहिरीत मलेच शिकवता काय?"

"विहीर तुमची हाय भाऊ. फुफ्फुसबी तुमचंच हाय न?"

ते रागारागानंच उतरले. वर येताना त्यांच्या तोंडाशी बुडबुडे दिसेनात. बाईंनी त्यांना तिथंच पाण्यात धरून ठेवलं, छातीवर थाप मारली, तेव्हा कुठे श्वास सुटला.  काठावर आल्यावर भाऊसाहेबांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.

मागच्या वर्षी उजळणीच्याच वेळी बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सहलीपर्यंत डॉक्टरांनी परवानगी दिली, पण उजळणी हुकलेली. मालवणच्या होडीत आम्ही खूप गळ घातली. भाऊसाहेबांनी तर हात जोडले. "बाई, तुमाले कायची उजळणी? तुम्हीच तर आमाले शिकवलं."

बाईंनी सगळं ऐकलं. "मी उतरली, तर पुढच्या वर्षी तुम्ही विहिरीवर कायले येसान?"

त्या होडीतच बसून राहिल्या. पाण्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, ती मला बघवली नाही. उन्हाळ्यात हृदयविकारानं त्या गेल्या.

यंदा दिवाळीनंतर बैठक झाली. वेचणी आहे, उजळणी ज्याच्या त्याच्या मर्जीवर ठेवू, असं कुणीतरी सुचवलं. माना डोलल्या. मी उठलो. त्या नियमाचा मला आजही राग येतो; तो एक दिवस बाजूला ठेवला असता तर बाई शेवटचं समुद्रात उतरून गेल्या असत्या. माझा आवाज चढला.

"बाईचा समुद्र गेला या नियमापायी. तुमच्या कापसापायी मी तो मोडू देत नाही."

 भाऊसाहेबांनी डोळे पुसले आणि खुर्ची मागे सारून उभे राहिले.

"रविवारी सकाळी विहिरीवर," ते म्हणाले. "सारे."