मामांच्या होडीचा फोटो

भाट्याच्या खाडीकाठी माझ्या मामांची जुनी होडी कुजत पडली होती. रंगीत रोल तेव्हा धुवायला मुंबईला जायचे. पण मला रंग नकोच होता. कुजकं लाकूड काळ्यापांढऱ्यातच शोभतं, रंगीत रोल लग्नामुंजींसाठी, असा माझा तोरा होता. फोटो घरीच धुतला आणि मोठ्या ऐटीत मामांच्या हातात दिला. मामा भडकले.

"असल्या फोटोला हार घालतात. मेलीय काय ती?"

मी छायाप्रकाश समजावू लागलो, तोवर ते देवघरात पोचलेही होते. बोट कुंकवात बुडवून, नारळी पुनवेला लावायचे तसंच, त्यांनी फोटोतल्या होडीच्या नाकावर टेकवलं.

पुढे मी रंगीत फोटो पुष्कळ काढले. इतका रंगीत एकही नाही.