खापरच्या कड्यावरची सात गिधाडं

गिधाडाला अशुभ ठरवलं कोणी? ज्याने ठरवलं, त्याने उन्हाळ्यात मेलेल्या बैलाशेजारी चार दिवस राहून दाखवावं. तोच बैल गिधाडं बघता बघता साफ करतात. फुकटात! आणि वर शिव्याही खातात.

आमच्या गटात तिघंच. मी, कॉलेजातली मैत्रीण रंजना आणि गुरांचे डॉक्टर पाटील सर. खापर गावाच्या पुढे कड्यावर सात गिधाडं उरलीत. त्यांच्यासाठी मेलेली गुरं ठेवायला कड्याखालची जागा मिळावी, एवढंच आमचं मागणं. दोन वर्षं फिरतोय. जागा मिळायच्या आधी किस्सेच बक्कळ जमले.

*

गुरांना टोचतात त्यातलं एक वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसात उरतं आणि ते खाऊन गिधाड मरतं. बंदी आहे, तरी मिळतं. बाजारातल्या एका मेडिकलवाल्या शेठना हे समजावलं. शेठ फार हळहळले. दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर पाटी : ‘येथे गिधाड मारण्याचे औषध मिळणार नाही.’

संध्याकाळपर्यंत चार जण विचारून गेले, मग उंदरांचं आहे का?

*

एका शेतकरी काकांचा फोन आला, म्हैस मेली. आम्ही टेम्पो घेऊनच पोचलो. मी दारातूनच सुरू, शेवटचं इंजेक्शन कोणतं दिलं, कधी दिलं? काका ओट्यावर बसलेले, डोळे सुजलेले.

“पोरी, म्हैस मन्ही मरनी, अन् तू गिधाडनी चिंता करी ऱ्हायनी?”

रंजनाने माझ्या हातातली वही काढून घेतली. मग चहा झाला, म्हशीचं नाव विचारून झालं. तिला सुई लागलेलीच नव्हती. टेम्पोत चढवल्यावर काकांनी तिच्या अंगावर घरातली चादर टाकली. ती काढून घ्या म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

*

शेवटी जागा बघायला वनखात्याचे साहेब यायचं ठरलं. गिधाडं खाली उतरताना दिसली तर मंजुरी, नाहीतर विषय बंद. आदल्या दिवशी, ते औषध टोचलेलं नाही अशी सरांनी खात्री केलेला मेलेला बैल आम्ही कड्याखाली नेऊन ठेवला.

सकाळी पोचलो तर बैल गायब! साहेब येणार म्हणून सरपंचांनी पहाटेच जेसीबी बोलावून तो पुरून टाकला होता. वर चुन्याच्या रेषा, सतरंजी, खुर्च्या. वास तर येत नाही ना, असं सरपंच अभिमानाने विचारत होते.

तेवढ्यात साहेब पोचलेच. साहेबांनी दुर्बीण लावली. कड्यावर सातही गिधाडं ओळीने बसून खाली बघत होती.

जेसीबीच्या ड्रायव्हरने वर पाहिलं, मग साहेबांकडे.

“काढू का बाहेर, साहेब? पंगत ते बठेलच शे.”