गोणीच्या डोक्यावरची टोपी

लग्नानंतर पहिली काही वर्षं मी माझ्या सासऱ्यांना पायांवरून ओळखत होते. उजव्या अंगठ्याचं नख काळं, डाव्या टाचेला मोठी भेग, वहाणा करकरणाऱ्या. घरात शिरण्याआधी ते खोकायचे. तो खोकला आजाराचा नव्हता, सूचनेचा होता. तो ऐकू आला की मी पदर नाकापर्यंत ओढायचा आणि चुलीकडं तोंड करायचं. त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्यासमोर उभं राहायचं नाही. आमच्याकडं तशी रीत होती, आणि रीतीचं कारण विचारून उपयोग नसतो, कारण ते कुणालाच ठाऊक नसतं.

आमची वस्ती पुणतांब्याच्या अलीकडं, पाटाच्या कडेला होती. घरात सासू-सासरे आणि आम्ही दोघं. नवरा साखर कारखान्यात कामाला होता. त्या वर्षी कारखान्यानं कामगारांच्या मुलांसाठी बालवाडी काढायचं ठरवलं आणि शिकवायला अकरावी झालेली बाई हवी होती. मी अकरावी झालेली होते आणि मला ती नोकरी फार हवी होती. भाकरी थापताना मी मनातल्या मनात पोरांना रांगेत बसवून त्यांची शेंबडी नाकं पुसत होते.

नवरा म्हणाला, "माजं काय न्हाई. आबांना इचार."

म्हणजे ज्यांच्याशी बोलायचं नाही त्यांना विचारायचं. यालाही रीत होती. मी सासूबाईंना सांगायचं, त्यांनी सासऱ्यांना विचारायचं आणि उत्तर घेऊन चुलीपाशी यायचं. मी सांगितलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, "बघू म्हनत्यात." काही दिवसांनी परत विचारलं, परत "बघू" आलं. दिवाळी झाली, ऊस तुटायला लागला, आमचं "बघू" मात्र हललं नाही.

बालवाडीच्या बाईला प्रथमोपचाराचा वर्ग करणं सक्तीचं होतं. नोकरीचं काही ठरलं नसताना वर्गाला मात्र सासूबाईंनी जाऊ दिलं. तिथं चहा मिळतो असं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि सुनेला एकटीला पाठवायचं नसल्यामुळं तो त्यांनाही मिळणार होता. त्या कापसाचा डबा घेऊन दाराशी बसायच्या, वाती वळायच्या आणि चहाची वाट बघायच्या.

शिकवायला कारखान्याच्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर होते, पुण्याकडून आलेले. समोर आम्ही दहाबारा जणी, बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या सुना. बंद पडलेला श्वास तोंडानं फुंकून परत कसा सुरू करायचा आणि छाती दाबून काळीज कसं चालतं ठेवायचं, हे आम्हाला शिकायचं होतं. सरावाला बाहुला वगैरे काही नव्हता. डॉक्टरांनी एका गोणीत उसाचा भुसा भरला, छातीच्या जागी फुटबॉलचा ब्लॅडर बसवला आणि त्याची नळी तोंडाच्या जागी बाहेर काढली. फुंकलं की छाती वर यायची. मोठ्या माणसाला भरपूर फुंकायचं, हनुवटी वर उचलून, नाक चिमटून. दाबायचं दोन्ही हातांनी, कोपर न वाकवता. लहान मुलासाठी एक उशी होती, तिला एकाच हातानं दाबायचं.

तान्ह्यासाठी डॉक्टरांनी काहीतरी आणायला सांगितलं, तर एकीनं घरून वरवंटा आणला, फडक्यात नीट गुंडाळून. तो हातात येताच आम्ही सगळ्या जणी त्याला झुलवायला लागलो. बारशाला वरवंट्याला बाळासारखं गुंडाळून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, ती हातांची सवय. डॉक्टरांना हे ठाऊक नसावं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग सांगितलं की हे बाळ श्वास घेत नाहीये. आम्ही झुलवायचं थांबवलं. तान्ह्याचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्यायचं आणि गालात मावेल एवढीच फुंकर घालायची, बशीतला चहा निववायला घालतो तेवढी. छाती दोन बोटांनी दाबायची. आमच्या बाळाला लसणाच्या चटणीचा वास येत होता. माझी पाळी आली तेव्हा मी त्याच्या तोंडावर शिंकले. डॉक्टर म्हणाले, "हे सोडून बाकी बरोबर."

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण सराव खरा वाटावा म्हणून एक दिवस डॉक्टरांनी गोणीला सदरा घातला आणि वर शिपायाची पांढरी टोपी ठेवली. आम्ही आत आलो, गोणीकडं पाहिलं आणि सगळ्या जणींनी पदर ओढून भिंत धरली.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं. आम्ही भिंतीला आणखी चिकटलो.

"बाई, ही गोणी आहे. कालचीच."

"व्हय," एक जण पदराआडून म्हणाली, "पन आज मानसागत दिसतीया."

डॉक्टरांनी खूप समजावलं. आत भुसा आहे, ब्लॅडर आहे, हे आम्हालाही मान्य होतं. पण त्या गोणीला आता वय आलं होतं, मान आला होता. तिच्या तोंडाला तोंड लावायचं तर राहिलंच, तिच्याकडं पाठ करून बसावं की काय असा आमच्यात विचार चालला होता. शेवटी दाराशी वाती वळणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "टोपी काडा त्येची, डाक्टर. टोपी हाय तवर पोरी म्होरं यायच्या न्हाईत."

टोपी काढली. आम्ही पुढं आलो. डॉक्टरांनी खूश होऊन सासूबाईंनाही बोलावलं, तुम्हीही दाबून बघा म्हणाले. जात्यावर आयुष्य काढलेले ते हात. त्यांनी एकदाच दाबलं, तर ब्लॅडर शिवण उसवून बाहेर आला. डॉक्टर म्हणाले, थोडं हलक्या हातानं. सासूबाई म्हणाल्या, मग मेला तर मला बोल लावू नका. आणि चहा विचारला.

वर्ग संपला. मला येत होतं. "बघू" तिथंच होतं.

त्या वर्षी पाटाला पाणी चांगलं होतं. पुढच्या वर्षी दुष्काळात त्याच पाटात शेरडं बसायची, पण तेव्हा तो काठोकाठ वाहत होता. सासरे सकाळी उसाला पाणी धरायला गेले होते. दुपारी भाकरी घेऊन आम्ही सासू-सुना निघालो तर पाटाच्या भरावावर आरडाओरडा चाललेला. शेजारच्या वस्तीवरच्या दोघा गड्यांनी त्यांना पाण्यातून वर ओढलं होतं. पाटाचं दार उचलताना पाय सरकला म्हणाले. चिखलात ते उताणे पडले होते. मी आधी नेहमीप्रमाणे पाय पाहिले. एकाच पायात वहाण होती आणि पाय हलत नव्हते.

"कुंभाराकडं न्या," एक गडी म्हणाला. बुडालेल्या माणसाला कुंभाराच्या चाकावर पालथा घालून फिरवायचा, म्हणजे पोटातलं पाणी निघतं, ही आमच्याकडची पद्धत. दुसरा गडी बैलगाडी जुंपायला पळाला.

"कुंभार बाजाराला गेलाय," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं. मग त्या माझ्याकडं वळल्या. "तू शिकलीस ना?"

मी शिकले होते. आणि मी पदर नाकापर्यंत ओढून उभी होते. पाय उचलतच नव्हता. माणूस समोर मरतोय आणि मला लाज वाटतेय, हे मला कळत होतं, आणि कळूनही वाटत होती. ती लाज माझ्यात ज्यांनी कुणी घातली त्यांचा मला आजही राग येतो.

"आत्याबाई, तुमी फुंका," मी म्हणाले. "तुमचं चालंल."

"मला दमा हाय. माजाच वारा मला पुरत न्हाई." त्यांनी सासऱ्यांच्या डोक्याकडं बोट केलं. टोपी पाटानं नेली होती. डोकं उघडं होतं, पिकलेले केस कपाळाला चिकटलेले. "बघ. टोपी न्हाई. चल."

आणि त्यांनी माझा पदर ओढून खाली पाडला.

मी गुडघे टेकले आणि सासऱ्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. ओठ निळे, चेहरा काळानिळा, मिशीत शेवाळ. हनुवटीवर खळी होती. माझ्या नवऱ्याची खळी कुठून आली ते मला त्या क्षणी कळलं, आणि कळायला ती काही वेळ नव्हती. तोंडातला चिखल बोटानं काढला, हनुवटी उचलली, नाक चिमटलं आणि फुंकलं. तंबाखूची चव आली. गडी म्हणाला, "आरं, आरं, सून हाय ती!" सासूबाई म्हणाल्या, "तू तिकडं बघ." तो खरंच तिकडं बघत उभा राहिला.

छाती वर आली, गोणीसारखीच. सासूबाई दुसऱ्या बाजूला बसल्या, दोन्ही हात छातीवर ठेवले आणि दाबायला लागल्या. शिकवलं होतं तसं, कोपर न वाकवता. त्या दाबायच्या, थांबायच्या, मी फुंकायची. मधेच काडकन आवाज आला. आम्ही एकमेकींकडं पाहिलं. "डाक्टर कुटं हाय बोलायला," असं म्हणून त्या दाबत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात थांबत नव्हते.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. सासऱ्यांच्या घशात घरघर झाली, त्यांनी पाणी ओकलं आणि ते खोकले. माझा हात आपोआप पदराकडं गेला. त्यांचा हात डोक्याकडं गेला, टोपी चाचपायला.

दवाखान्यात कळलं की फासळी मोडली आहे. डॉक्टरांनी विचारलं, कुणी दाबलं? सासूबाई म्हणाल्या, गर्दी हुती.

सासरे काही आठवड्यांनी हिंडूफिरू लागले. घरातली रीतही त्यांच्याबरोबर हिंडूफिरू लागली. वहाणा करकरायच्या, खोकला यायचा, मी चुलीकडं वळायची. त्या दुपारबद्दल माझ्यासमोर कुणी शब्द काढला नाही. मला वाटलं, संपलं. मी माणसाला माघारी आणलं आणि जागची हलले नाही.

मग एक दिवस वहाणा वाजल्या आणि खोकला आलाच नाही. मी पदर ओढला. पाय माझ्यापासून थोड्या अंतरावर थांबले. जात्यावर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. पदराच्या काठाखालून पाहिलं तर नवी पांढरी टोपी.

"टोपी काडलीया," सासरे म्हणाले. "आता बोल. तुला काय पायजे?"

मी पदर मागं घेतला. त्यांचा चेहरा मी दुसऱ्यांदा पाहत होते. सावळा होता. पहिल्या वेळी मला तो रंग दिसलाच नव्हता.

"मामंजी, मला बालवाडीत शिकवायला जायचंय. तुमी बघू म्हनालात, म्हनून थांबलीया."

"मी?" ते म्हणाले. "मला कुनी इचारलं?"

कोपऱ्यात वाती वळणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला. 

"मीच म्हनलं बघू," त्या म्हणाल्या. "ही गेली की दिसभर या घरात मी बोलू कुनाशी?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

सासरे फासळी धरून हळूच खाली बसले, बायकोच्या समोर, जमिनीवर. मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"माज्याशी बोल की," ते म्हणाले. "मी हाय ना अजून."